एमजीबीचं इंजिन हिवाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इकडे यूकेत जुनी एमजीबी (एमजी कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार) घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या ओळखीच्या मंडळींकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. हे सगळं १७९८ सीसीच्या चार सिलिंडरवाल्या गाडीबद्दल आहे, रोडस्टर (उघडी) असो की जीटी (पक्क्या छताची). व्ही८ वाल्यांनी यातलं सुरक्षिततेचं तेवढं घ्यावं, बाकी त्यांचं गणित वेगळं.

ही एमजी म्हणजे भारतात हेक्टर विकते तीच एमजी का हो?

नाव तेच, चिन्हही तेच. मूळ एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं मॉरिस गॅरेजेस. १९२९ पासून कारखाना जवळच्याच अ‍ॅबिंग्डनला होता, तिथेच १९६२ ते १९८० एमजीबी बनली, पाच लाखांच्या वर गाड्या, आणि १९८० च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंदच झाला. आता हे नाव चीनच्या एसएआयसीकडे आहे आणि भारतात २०१९ ला हेक्टर आली ती त्या मार्गाने. तुमच्या गॅरेजमधल्या गाडीचा तिच्याशी नावापलीकडे काही संबंध नाही, एक नटसुद्धा जुळणार नाही.

आणि अँबेसिडरशी संबंध आहे म्हणतात ते खरं का?

हो, आणि हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला जरा आधार वाटतो. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीचं बी-सिरीज नावाचं इंजिन होतं, त्याचं १४८९ सीसीचं रूप हिंदुस्थान मोटर्सने अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षं वापरलं आणि त्याच घराण्याचं १७९८ सीसीचं रूप एमजीबीत आहे. पार्ट सरसकट अदलाबदल होत नाहीत, त्या नादाला लागू नका, पण रचना तीच: लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, पुशरॉड, रॉकर शाफ्ट, सगळं हाताने उघडता येण्यासारखं. आपल्याकडे रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तिपाई उभी करून चेनपुलीने अँबेसिडरचं इंजिन उतरवणारे मिस्त्री ज्यांनी लहानपणी पाहिलेत त्यांना हे काम परकं वाटणार नाही.

हिवाळ्यातच का काढायचं? उन्हाळ्यात उजेड असतो, ऊब असते.

कारण उन्हाळ्यात ही गाडी चालवायची असते! इकडे नोव्हेंबरपासून काउन्सिलवाले (इकडची पालिका) रस्त्यावर मीठ टाकतात, आणि जुन्या गाडीच्या पत्र्याला मिठाइतकं वाईट काही नाही, सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) आणि चाकाच्या कमानी आतून खाऊन टाकतं. म्हणजे गाडी तशीही उभीच राहणार, मग तेवढ्या काळात काम उरकून घ्यायचं. मी दिवाळी ते गुढीपाडवा असा हिशोब सांगतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात तेव्हा सुरू करा आणि मार्चअखेर ती पुढे जातात तेव्हा गाडी रस्त्यावर. एवढा वेळ हातात असला की घाई होत नाही, पार्ट यायला उशीर झाला तरी जीव खालीवर होत नाही, आणि माझं मत विचाराल तर या कामात घाई न करणं हे हत्यारांपेक्षा महत्त्वाचं आहे.

इंजिन उतरवायलाच लागतं का? जागेवर काम होत नाही?

बरंच काही जागेवर होतं. हेड जागेवर उतरतं, टॅपेट, वॉटर पंप, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, टायमिंग चेनसुद्धा रेडिएटर काढला की जागेवर होते. पण क्लच होत नाही. बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स खालून उतरवून क्लच बदलता येतो तसं एमजीबीत नाही, क्लच बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर, दुसरा रस्ताच नाही. तसंच मागचं ऑइल सील, फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते जड चाक), गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं (गिअरबॉक्सला जोडलेल्या जादा वेगाच्या गिअरचं) मोठं काम, मेन बेअरिंग, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा).

म्हणून क्लच घसरायला लागला, किंवा बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) खालून ऑइल टपकायला लागलं, की हिवाळ्याची योजना करायची. नुसतं 'कसं दिसतं ते बघू' म्हणून चांगलं चालणारं इंजिन उतरवू नका. त्यापेक्षा कॉम्प्रेशन बघा, ऑइल प्रेशर बघा, गरम इंजिनला चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलला १० ते २५ येत असेल तर खालचा भाग ठीक आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

एकटं इंजिन काढू की गिअरबॉक्ससकट?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त वाद होणारा प्रश्न हाच. दोन्ही पद्धती चालतात. पण पहिल्यांदा करत असाल, घरी करत असाल आणि मदतीला एखादाच माणूस असेल तर गिअरबॉक्ससकट काढा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

एकटं इंजिन काढताना काम कमी वाटतं, प्रॉपशाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला) हात लावायला नको, गाडीखाली फार जायला नको. गिअरबॉक्सला खालून जॅकचा टेकू द्यायचा, बेल हाउसिंगचे बोल्ट काढायचे, इंजिन पुढे ओढायचं आणि वर उचलायचं. निघताना निघतंही. कसोटी लागते ती परत बसवताना, कारण तेव्हा क्रेनला टांगलेलं दीडशे किलोचं धूड बॉनेटच्या जागेत हलवत गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत आणि पुढे क्रँकमधल्या छोट्याशा ब्रासच्या बुशमध्ये बरोबर सरळ रेषेत घालायचा असतो. कोन जरा चुकला तर जात नाही. मग माणसं बोल्ट आवळून ओढून घ्यायला बघतात आणि तिथे नवी क्लच प्लेट वाकते. इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं वजन त्या शाफ्टवर कधीच, एक मिनिटसुद्धा, लटकू द्यायचं नाही.

गिअरबॉक्ससकट काढलं तर हीच जुळणी तुम्ही जमिनीवर, उजेडात, दोन्ही बाजूंनी बघत करता. पाच मिनिटांत होते. त्याबदल्यात गाडीखालचं काम वाढतं आणि सगळं मिळून वजन दोनशे किलोच्या वर जातं, पण क्रेनला त्याचं काही नाही.

क्रेन घ्यावी की भाड्याने आणावी?

भाड्याने. काढताना एक वीकएंड आणि बसवताना एक वीकएंड, मधले महिने ती नुसती जागा अडवते. जवळपास क्लबचं कुणी असेल तर विचारा, एमजी कार क्लब आणि एमजी ओनर्स क्लब दोन्हीच्या स्थानिक शाखा आहेत आणि ही मंडळी क्रेनबरोबर स्वतःही येतात, ते जास्त मोलाचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, 'एक टनाची क्रेन' हा आकडा बूम (क्रेनचा हात) आखूड असतानाचा असतो. बूम जसजसा लांब कराल तशी क्षमता झपाट्याने कमी होते, बूमवर प्रत्येक भोकापाशी आकडा छापलेला असतो तो वाचा आणि एमजीबीच्या नाकावरून आत पोचायला तुम्हाला बूम लांबच लागणार आहे हे धरून चाला.

बरोबर लेव्हलर मात्र नक्की घ्या, म्हणजे तो आडवा दांडा ज्याला हँडल फिरवून इंजिनचा तोल पुढेमागे करता येतो. गिअरबॉक्ससकट काढताना इंजिन नाक वर आणि शेपूट खाली असं चांगलंच तिरकं करावं लागतं, लेव्हलर नसेल तर ते हाताने ढकलत बसावं लागतं, आणि लटकत्या इंजिनपाशी हात घालणं बरं नाही.

माझं गॅरेज छोटं आहे, जमेल का?

इकडची जुन्या घरांची सिंगल गॅरेज छोटीच असतात. गाडी उलटी आत घाला, नाक दाराकडे. मग क्रेन बाहेर ड्राइव्हवेवर उभी राहते आणि इंजिन दारातून बाहेर येतं. ड्राइव्हवेवर खडी असेल तर क्रेनची चाकं रुतून बसतात, जाड प्लायवुडच्या फळ्या टाका. उतार असेल तर करू नका, सपाट जागा असलेला मित्र शोधा. दाराच्या वरच्या चौकटीची उंची आधी मोजून ठेवा, इंजिन पुढच्या पत्र्यावरून जाताना क्रेनचा बूम बराच वर असतो. आणि कोरडा दिवस बघा.

हत्यारं काय लागतात? माझ्याकडे भारतातून आणलेला चांगला पाना सेट आहे.

तो मेट्रिक असेल तर या गाडीला नको. यावरचे जवळपास सगळे नट-बोल्ट इंची, युएनएफ आट्यांचे, त्यांना एएफ मापाचे पाने लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ११/१६, ३/४. गोची अशी की अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि साठ वर्षं जुन्या जाम नटावर जोर लावला की कोपरे गोल होतात. मग तो नट काढायला अख्खा दिवस. सहा कोनी सॉकेट घ्या, बारा कोनी नको.

बाकी दोन टनाचे चार चांगले अ‍ॅक्सल स्टँड, ट्रॉली जॅक, टॉर्क रेंच, क्लच प्लेट मध्यावर आणायचं प्लॅस्टिकचं साधन, भरपूर फडकी, डोक्याला लावायचा दिवा. आणि गाडीचं मॅन्युअल, छापील, काळे हात लागले तरी चालतील असं.

काढायचा क्रम सांगा ना एकदा नीट.

सांगतो, पण तुमच्या वर्षाच्या गाडीचं मॅन्युअल शेजारी ठेवा, अठरा वर्षांत बरेच बदल झालेत.

आधी बॅटरी. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे फ्लोअरखाली असतात, नंतर बारा व्होल्टची एक. १९६७ च्या आधीच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थ आहेत, तेव्हा वायरीचा रंग बघून अंदाज करू नका, बॉडीला कुठली जोडलीय ती आधी सोडवा.

मग बॉनेट. बिजागरीभोवती पेन्सिलने खूण करा म्हणजे परत लावताना फटी जुळवत बसायला नको, आणि हे दोघांनी करा, एकट्याने करताना कोपरा काचेखालच्या पत्र्याला लागतोच. काढलेला बॉनेट घरात नेऊन चादरीत गुंडाळून ठेवता आला तर उत्तम. बायको काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा, पण गॅरेजमध्ये ठेवला तर त्याला ओरखडा पडणार.

कूलंट काढा, इंजिन ऑइल काढा, गिअरबॉक्सचं ऑइलही काढा. हे शेवटचं विसरलं की इंजिन तिरकं झाल्यावर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून ते सगळं जमिनीवर येतं. रेडिएटर एकटा काढण्यापेक्षा तो ज्या पत्र्याला बसवलाय त्या पत्र्यासकट काढा, बाजूचे बोल्ट काढले की अख्खं एकत्र येतं आणि पुढे भरपूर जागा होते. ऑइल कूलर असेल तर त्याचे पाइप सोडवताना दोन पाने वापरा, एकाने धरा आणि दुसऱ्याने फिरवा, नाहीतर कूलरचाच गळा पिळवटतो.

एसयू कार्ब्युरेटर हीट शील्डसकट उतरवा, पेट्रोलच्या नळीचं तोंड बंद करा. इनलेट आणि एक्झॉस्ट मेनिफोल्ड एकाच पॅकिंगवर बसतात आणि मधले काही वॉशर दोघांना मिळून धरतात, ते लक्षात ठेवा. एक्झॉस्ट मेनिफोल्ड हेडपासून सोडवून बाजूला सरकवला तरी चालतं. हीटरचे पाइप, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी, ऑइल प्रेशरचा पाइप. टेंपरेचर गेजबद्दल जरा थांबून सांगतो: बऱ्याच गाड्यांत तो वायरीचा नाही, हेडमधून निघून डॅशबोर्डपर्यंत जाणारी केसासारखी बारीक तांब्याची नळी असते आणि ती आतून सीलबंद असते. ती कापायची नाही, दुमडायची नाही, हेडमधून बल्ब अलगद काढून गुंडाळी करून बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) बांधून ठेवायची. तुटली तर गेज गेलाच.

आता गाडीच्या आतून गिअर लिव्हर काढा, नाहीतर गिअरबॉक्स बोगद्यातून निघतच नाही. खालून प्रॉपशाफ्टचे चार बोल्ट, पण आधी दोन्ही फ्लँजवर पंचने किंवा रंगाने खूण करा, परत त्याच जागी लावला नाही तर थरथर येऊ शकते. स्पीडोमीटरची केबल, ओव्हरड्राइव्ह आणि रिव्हर्स लाइटच्या वायरी. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचला पोचवणारा) दोन बोल्ट काढून पाइपसकट तसाच बाजूला तारेने बांधा, म्हणजे हवा काढायचं काम वाचतं, आणि मग क्लच पेडलवर चिठ्ठी चिकटवा की पाय द्यायचा नाही. कुणी सहज बसून पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर उडतो.

शेवटी उचलायची साखळी लावा, क्रेनने वजन जरासं घ्या, मग इंजिनचे माउंटिंग, मग गिअरबॉक्सखाली जॅक देऊन त्याचा क्रॉसमेंबर (त्याला खालून धरणारी आडवी पट्टी). आणि आता हळूहळू. थोडं वर, थोडं पुढे, थोडा लेव्हलर, परत थोडं वर. एक माणूस क्रेनवर, एक माणूस फक्त बघायला, आणि बघणाऱ्याने 'थांब' म्हटलं की थांबायचं. काही अडकलं तर नव्वद टक्के वेळा एखादी विसरलेली वायर असते, बहुतेक इंजिनची अर्थिंगची पट्टी.

इतके नट-बोल्ट लक्षात कसे राहतात?

राहत नाहीत, ठेवूच नका. प्रत्येक जोड सोडवायच्या आधी फोनवर फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे तो भाग इंजिनवर कुठे आहे ते कळतं. फ्रीजरच्या झिपवाल्या पिशव्या आणा, प्रत्येकीवर मार्करने मराठीत स्वच्छ लिहा, 'स्टार्टरचे दोन बोल्ट, वरचा लांब'. जिथे शक्य आहे तिथे बोल्ट काढल्या भोकातच परत दोन आटे फिरवून ठेवा, ही सगळ्यात चांगली पिशवी. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लावा. मार्चमध्ये तुम्ही स्वतःला मनापासून धन्यवाद द्याल.

मेनिफोल्डचे स्टड जाम आहेत, तुटतील अशी भीती वाटते.

भीती बरोबर आहे. काम सुरू करायच्या आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारा. सोडवताना एकदम जोर नको, जरा सैल, जरा परत घट्ट, असं पुढेमागे. तरी नाही निघाला तर नट गरम करा, पण पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर पूर्ण बाहेर गेल्याशिवाय ज्योत आणायची नाही. आणि बसवताना पितळी नट लावा, ते गंजून जाम होत नाहीत.

इंजिन बाहेर आलं. आता काय काय करून घ्यावं?

इथेच माणसं दोन टोकं गाठतात. एक जण फक्त क्लच बदलतो आणि जूनमध्ये ऑइल सील गेलं म्हणून परत इंजिन उतरवतो. दुसरा 'आता बाहेर आहेच तर' म्हणत म्हणत सगळं उघडतो, पैसे संपतात, आणि गाडी कापडाखाली चार वर्षं पडून राहते. माझा साधा नियम असा की जे काम इंजिन आत असताना करताच येत नाही ते सगळं आता करा, जे जागेवर करता येतं ते नंतर.

म्हणजे क्लच पूर्ण किट, प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. या गाडीचं रिलीज बेअरिंग गोळ्यांचं नाही, कार्बनच्या कड्याचं आहे, सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की ते झिजत जातं, तेव्हा जुनं चांगलं दिसलं तरी परत घालू नका. क्रँकच्या टोकातला तो छोटा बुश, म्हणजे स्पिगॉट बुश, बसवायच्या आधी ऑइलमध्ये भिजत ठेवायचा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा असतील तर मशीन शॉपला द्या. त्याच्या कडेचे दात बघा, चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक त्याच दोन जागी थांबतं, म्हणून स्टार्टरचा मार ठराविक दातांवरच पडतो.

मागचं ऑइल सील तर आलंच. १९६४ च्या अखेरपर्यंतची इंजिनं तीन मेन बेअरिंगची, त्यांना मागे सील नाही, नुसते ऑइल परत इंजिनात ढकलणारे आटे आहेत, ती थोडी टपकणारच. नंतरच्या पाच बेअरिंगवाल्यांना सील आहे. जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडली असेल तर नवं सील किंचित आतबाहेर बसवा म्हणजे त्याची धार कोऱ्या जागेवर येते.

मग बाजूचे टॅपेटचे दोन कव्हर, मेनिफोल्डखाली लपलेले. त्यांची पॅकिंग गळते आणि लोक ऑइल सीलला दोष देतात. गाडीत हात पोचत नाही, आता पाच मिनिटांचं काम. सम्पची (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीची) पॅकिंग, ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (पाण्याच्या जागेची पत्र्याची बुचं), इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबर माउंटिंग. आणि मोकळी झालेली इंजिनची जागा धुऊन, गंज घासून, रंग मारून घ्या, अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. ब्रेक आणि पेट्रोलचे लोखंडी पाइपही नीट बघा.

बेअरिंगची एक टोपी उघडून बघावी का? सम्प काढलाच असेल तर एखादी बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) टोपी उघडून शेल (आतली बेअरिंगची पातळ वाटी) बघायला हरकत नाही. राखाडी आणि गुळगुळीत असेल तर परत लावा. तांबूस दिसायला लागलं असेल तर मात्र पुढचं काम आलं.

इंजिन ठेवायचं कुठे?

फक्त क्लच आणि सील करायचं असेल तर जुन्या टायरवर किंवा लाकडी चौकटीवर ठेवा, छान बसतं. इंजिन स्टँड मागच्या बाजूने बोल्ट होतो, म्हणजे त्यावर लावलं की नेमकं मागचं सील आणि फ्लायव्हील करता येत नाही. पूर्ण उघडायचं असेल तरच स्टँड, आणि बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्याहून चांगले. क्रेनला टांगून आठवडाभर ठेवू नका, हायड्रॉलिक हळूहळू खाली येतं.

थंडीचा त्रास? गॅरेजमध्ये बोटं काम करत नाहीत.

तुमच्या बोटांआधी ब्लॉकचं बघा. कूलंट काढलं तरी ब्लॉकच्या तळाशी थोडं राहतं, ड्रेन टॅप गाळाने बुजलेला असतो आणि सगळं निघालं असं वाटतं. टॅपच्या भोकात तार घालून मोकळं करा, पाणी येणं थांबेपर्यंत थांबा. आत राहिलेलं साधं पाणी गोठलं तर लोखंडी ब्लॉकला तडा जातो, याला इलाज नाही. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सिलिंडरमध्ये टाका, प्लग परत लावा, इनलेट आणि एक्झॉस्टची तोंडं स्वच्छ फडकी आणि टेपने बंद करा. कच्च्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये ओलावा फार असतो, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर रातोरात तांबूस थर येतो, ऑइलचा हात फिरवून ठेवा.

उबेसाठी इलेक्ट्रिक हीटर, तोही पेट्रोलपासून लांब. गॅसचा किंवा रॉकेलचा उघड्या ज्योतीचा हीटर अजिबात नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि नाकाला कळायच्या आत ज्योतीपर्यंत पोचते.

आणखी कशाची काळजी घ्यायची?

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. स्टँड लावल्यावर गाडी हाताने हलवून बघायची आणि मग खाली जायचं. लटकत्या इंजिनखाली हात किंवा पाय नाही. इंजिन बाहेर पडलं की गाडीचं नाक हलकं होऊन स्प्रिंगवर वर येतं आणि तोल मागे जातो, तेव्हा नंतर जॅक लावताना नव्याने विचार करा.

जुन्या क्लच प्लेटमध्ये आणि पॅकिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, इकडे त्यावर पूर्ण बंदी १९९९ ला आली. बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बंद करून टाकायचं. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, घरात मांजर, कुत्रा, लहान मूल असेल तर बादली एक क्षण उघडी ठेवू नका.

जुनं ऑइल आणि कूलंट कुठे टाकायचं?

काउन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला, ऑइलची टाकी असतेच, कूलंटचं विचारून घ्या. दोन्ही एकत्र करू नका. गटारात ओतणं गुन्हा आहे आणि ते पाणी शेवटी नदीतच जातं.

टॅक्स, इन्शुरन्स, कागदपत्रं?

चाळीस वर्षांपेक्षा जुनी म्हणून टॅक्स शून्य आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, पण शून्याचा टॅक्ससुद्धा दरवर्षी भरल्याची नोंद लागते. गाडी रस्त्यावर नाही असं जाहीर केलं, म्हणजे एसओआरएन केलं, तर इन्शुरन्स सक्तीचा राहत नाही, पण गाडी मग सार्वजनिक रस्त्यावर नाही, खाजगी जागेतच हवी. मी म्हणेन आग आणि चोरीचा तरी इन्शुरन्स ठेवा, उघडलेल्या गाडीचे पार्ट चोरायला सोपे असतात. दुसरं इंजिन बसवलं तर नवा इंजिन नंबर डीव्हीएलएला (गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला) कळवायला लागतो.

परत बसवताना काय लक्षात ठेवायचं?

काढल्याच्या उलटा क्रम, असं मॅन्युअल एका ओळीत म्हणतं आणि पुढे जातं! खरा घाम गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरला फुटतो. तो परत लावायला सगळ्यात किचकट, एकदा गिअरबॉक्स बोगद्यात गेला की रबर माउंटिंगच्या बोल्टपर्यंत बोटंच पोचत नाहीत. जॅकने गिअरबॉक्स इंच-इंच वरखाली करत सगळे बोल्ट आधी नुसते पकडवा, आणि सगळे लागल्यावरच आवळा. इंजिनच्या माउंटिंगलाही तेच. आणि अर्थिंगची पट्टी विसरू नका, ती नसेल तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून जातो आणि केबल जळते.

गिअरबॉक्समध्ये साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच जातं, गिअर ऑइल नाही. हे वाचून दर वर्षी कुणीतरी परत विचारतं, म्हणून परत सांगतो: इंजिन ऑइलच.

पहिल्यांदा चालू करताना?

ऑइल भरा, फिल्टर सरळ उभा बसत असेल तर तोही भरून लावा. स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा आणि थोडं थोडं थांबत स्टार्टर फिरवा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. प्रेशर आल्याशिवाय पेटवायचं नाही. टॅपेटची फट थंड इंजिनला ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. सोपा हिशोब नऊचा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, बेरीज नेहमी नऊ. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२.

चालू करताना गॅरेजचं दार पूर्ण उघडं, जमलं तर गाडी बाहेर ढकलून. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे घातले असतील तर चालू होताच आरपीएम २००० च्या आसपास वीसेक मिनिटं ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही, आणि जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं जुन्या गाड्यांचं ऑइल वापरायचं, नाहीतर कॅमचे उंचवटे तिथेच झिजतात. कॅमला हात लावला नसेल तर याची गरज नाही. टाकीतलं पेट्रोल हिवाळाभर पडून असेल तर बदला, आणि नवं भरताना ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) नाही, सुपर अनलेडेड ई५ (पाच टक्क्यांपर्यंत) भरा, जुने रबरी पाइप इथेनॉलने खराब होतात.

थंड झाल्यावर कूलंट परत भरा, हवा निघाली की पातळी खाली जाते. पहिली चक्कर घराजवळच मारा, परत येऊन गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा. डागाची जागा सांगते गळती कुठली. मग प्रॉपशाफ्टचे चार, माउंटिंगचे आणि मेनिफोल्डचे नट एकदा पान्याने तपासा. हेड उतरवलं असेल तर काही शे मैलांनी हेडचे नट ठरल्या टॉर्कला परत आवळा आणि त्यानंतर टॅपेट परत बघा, कारण हेड बसलं की ते बदलतात.